दिवसाला एक लिटर

मे महिना. वॉर्डातल्या कुलरची खस
दुपारी दोनलाच वाळून कडक होते.
बादली ओतायला मामा येतो तो चारला.
कुलरला दिवसाचं चाळीस लिटर,
सात नंबरच्या खाटेला एक.

एक म्हणजे सगळं धरून एक:
चहा, वरणाचं पाणी, गोळ्यांसोबतचे घोट,
शिरेतून थेंबथेंब जाणारं औषधसुद्धा.
बाटलीवर मी निळ्या पेनाने रेघा ओढल्यात.
रात्रीची रेघ सगळ्यात खाली, बोटभर.

श्रावण निखारे, वय चौसष्ट, गोळीबार चौक.
चाळीस वर्षं हातमाग, मग माग विकले,
मग एका गोडाऊनवर चौकीदारी.
हृदय पसरलंय. जेवढं ढकलायला हवं
त्याच्या निम्मंही ढकलत नाही.
पाणी पायात उतरतं, फुप्फुसात चढतं,
आडवे झाले की बुडतात,
म्हणून पाठीशी तीन उशा, म्हणून रात्रभर बसलेले.

"बाई, घोटभर तं द्या."
"बाबा, संध्याकाळचं संपलं तुमचं."
"छेचाळीस डिग्री हाये बाहेर. मी का उंट हाओ?"

मी ओला गॉज ओठांवरून फिरवते,
चूळ भरायला देते, म्हणते, गिळू नका.
ते माझ्याकडे बघतात आणि गिळतात.
गळ्याचा कंठमणी वर जाऊन खाली येतो.
मी काही बोलत नाही. तक्त्यावर लिहिते:
आत, पंधरा मिली.

कुंभरे दुसऱ्या वर्षाला आहे, एटापल्लीकडची.
तिला दाखवते: घोट्याच्या वर, हाडावर,
अंगठा दाब, पाचपर्यंत मोज, सोड.
खड्डा तसाच राहतो. ती बघत राहते.
मग हळूच म्हणते,
"सिस्टर, आमच्याकडे आलेल्या माणसाला
आधी पाणी विचारतात."
माहीत आहे गं.
परीक्षेत हे विचारत नाहीत.

पंचफुलाबाई अळणी वरणाचा डबा आणतात.
एकदा कागदात तळलेली मिरची निघाली, तेवढं सोडलं तर
बाईचं वागणं चोख.
तहान लागली की व्हरांड्याच्या टोकाला जातात,
नळाला तोंड लावतात,
आणि परत येण्याआधी
पदराने ओठ पुसतात, दोनदा.

रात्री दीड. मी दुसऱ्या खाटेची ड्रिप बघतेय.
"बाई, ह्या मशीनचा धोटा अडखळते."
झोपा, बाबा.
"आयका तं. मधातच एक जादा.
सूत तुटायच्या आधी माग असाच वाजे."
मी पडद्याकडे वळते.
अजून अलार्म नाही. पण खरंच,
रांगेत न बसणारा एक रुंद ठोका,
मग थांबा, मग पुन्हा.

डॉक्टरांना उठवलं. रक्त पाठवलं.
पोटॅशियम दोन पूर्णांक नऊ.
लघवीच्या इंजेक्शनने पाणी काढता काढता
तेही वाहून नेलं होतं. नेतंच ते.
ड्रिप लावली, वर सिरप,
जे पिताना धडधाकट माणूसही तोंड वाकडं करतो.
निखाऱ्यांनी मापातला शेवटचा थेंब
जिभेवर पालथा करून घेतला.
"वंगाळ हाये," म्हणाले, "पन ओलं हाये."
मी हसले. मग लिहिलं:
आत, तीस मिली, पाण्यासकट.

पहाटे साडेपाच. तोच काटा, तेच कपडे,
लघवी करून, चपला काढून.
एकोणसाठ चारशे होते. आज अठ्ठावन्न सहाशे.
आठशे ग्रॅम! कुंभरेने टाळी वाजवली
आणि लगेच इकडेतिकडे पाहिलं.
निखाऱ्यांनी विचारलं,
"मंग आठशेचं पानी वाढवून देता का?"

साडेआठला मेडिकल चौकात
लाल कापड गुंडाळलेल्या रांजणांची पाणपोई.
म्हातारा वरून ओगराळ्याने ओततो,
माझ्या ओंजळीतून कोपरापर्यंत ओघळतं.
माझ्या ओंजळीत साठ मिली मावतं.
कुणी शिकवलेलं नाही, हाताला कळलंय.
साठ. एकशेवीस. एकशेऐंशी.
"अजून?" म्हातारा विचारतो.
मी मान हलवते,
हो की नाही, त्याला समजत नाही,
तो ओततच राहतो.